शाळेचें दार आणि वर्गांतील जागा

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलगाडींत अध्यापनाचें शिक्षण घेणारे तरुण-तरुणी ओळखावयास वेळ लागत नाहीं. कोणाच्या मांडीवर पाठ-टाचणाची वही असते, कोणाच्या पिशवींतून रंगीत पुठ्ठ्यांचे तक्ते डोकावत असतात, आणि सराव-पाठाच्या धास्तीनें एखादी मुलगी तळेगांव येईपर्यंत ओठांतल्या ओठांत तोच तो प्रश्न घोळवीत बसते. त्या डब्यांत कोण कोणाशेजारीं बसलें आहे याची चौकशी कोणी करीत नाहीं. जागा मिळाली तर बसावें, न मिळाली तर दांडी धरून उभें राहावें, एवढेंच तेथलें धर्मशास्त्र. बोरघाट चढून आगगाडी धांवूं लागली त्यास १८६३ सालापासून दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळांतील बऱ्याच वर्षीं हिंदुस्थानांतील आगगाड्यांतून युरोपियन व अँग्लो-इंडियन उतारूंसाठीं वेगळे डबे राखून ठेवलेले असत, हें मात्र या मुलांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

आगगाडीचा डबा आणि शाळेचा वर्ग यांचें नातें वरवर पाहतां दूरचें वाटतें. पण अमेरिकेंत शाळांच्या वर्णभेदास जो कायद्याचा आधार साठ वर्षें मिळाला तो एका आगगाडीच्या डब्यांतूनच निघाला. १८९२ सालीं लुइझियाना राज्यांत होमर प्लेसी नांवाचा एक गृहस्थ गोऱ्या लोकांकरितां राखलेल्या डब्यांत जाऊन बसला. दिसावयास तो गोराच होता. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकीं एकजण आफ्रिकन वंशाचें होतें, एवढ्यावरून तेथील कायदा त्यास काळा समजत असे. डबा सोडण्यास त्यानें नकार दिला, त्यास अटक झाली, आणि १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, दोन्ही वर्णांस सारख्या सोयी मिळत असतील तर त्या वेगवेगळ्या ठेवण्यानें राज्यघटनेचा भंग होत नाहीं. 'वेगळें, पण समान' हें तत्त्व तेथून रूढ झालें व उपाहारगृहें, दवाखाने, पाण्याचे नळ आणि शाळा यांवर त्याचा अंमल बसला. प्रत्यक्षांत वेगळेपण कसोशीनें पाळलें गेलें. समान हा शब्द कागदावर राहिला. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा बहुधा मोडकळीस आलेल्या घरांत भरत, त्यांच्या शिक्षकांस पगार कमी असे, आणि गोऱ्या मुलांनीं वापरून टाकलेलीं पुस्तकें त्यांच्या वांट्यास येत.

कॅन्सस राज्यांतील टोपेका शहरांत लिंडा ब्राउन नांवाची एक लहान मुलगी राहत असे. घरापासून जवळच एक शाळा होती, पण ती गोऱ्या मुलांची. लिंडाला रेल्वेच्या यार्डांतून रूळ ओलांडून बस थांबे तेथवर चालत जावें लागे आणि मग बसनें दूरची शाळा गांठावी लागे. लोणावळ्यास यार्डापलीकडे राहणाऱ्या मुलांना हें चित्र समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. तिच्या वडिलांनीं इतर पालकांसह दावा लावला. निरनिराळ्या ठिकाणच्या अशा पांच दाव्यांपैकीं चार राज्यांतील दाव्यांचा एकत्र निकाल १७ मे १९५४ रोजीं सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनीं वाचून दाखविला. पांचव्या, राजधानींतील दाव्याचा निकालहि त्याच दिवशीं लागला. नऊहि न्यायमूर्तींचें त्यावर एकमत होतें. या निकालांतील मर्म सहसा नजरेआड होतें. टोपेकांतील कृष्णवर्णीयांच्या शाळा कांहीं वाईट नव्हत्या. इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता या बाबतींत त्या गोऱ्यांच्या शाळांच्या जवळजवळ तोलाच्या होत्या. न्यायालयानें म्हटलें तें असें कीं, या सर्व दृश्य गोष्टी सारख्या असल्या तरी वेगळें बसविण्यानेंच मुलाच्या मनांत हीनपणाची भावना रुजते, आणि म्हणून वेगळें शिक्षण हें समान असूंच शकत नाहीं. केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें १९४० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांचा दाखला न्यायालयापुढे होता. कृष्णवर्णीय मुलांपुढे एक गोरी व एक काळी अशा बाहुल्या ठेवून, यांतली चांगली कोणती असें विचारलें असतां बहुतेकांनीं गोरीकडे बोट दाखविलें. आणि तुझ्यासारखी कोणती असें विचारतांच कांहीं मुलांना रडूं कोसळलें.

हाच प्रश्न आपल्याकडे प्लेसीच्या खटल्यापूर्वीं चाळीस वर्षें येऊन ठेपला होता. जून १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला व तो त्यास नाकारण्यांत आला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. मुलानें थेट सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारनें उत्तरादाखल जें लिहिलें तें शिक्षकांनीं आजहि मन लावून वाचण्याजोगें आहे. न्याय मुलाच्या बाजूस आहे हें सरकारनें नाकारलें नाहीं. परंतु एका मुलाकरितां शाळेचीं दारें उघडलीं तर बाकीचीं सगळीं मुलें निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा हिशेब मांडून त्यानें हात झटकले. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास हें पसंत पडलें नाहीं, आणि १८५८ सालीं कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें स्पष्ट केलें. तरी १८८२ च्या हंटर आयोगानें हेंच तत्त्व पुनः मान्य करून वर अशी पुस्ती जोडली कीं, जेथें गांवकऱ्यांचा विरोध असेल तेथें वेगळ्या शाळा काढाव्यात. बहुसंख्यांच्या नाराजीची भीति ही सरकारी दप्तरांतील फार जुनी सबब आहे. ती इंग्रजींत लिहिली काय किंवा मराठींत लिहिली काय, तिची किंमत एकाच मुलास द्यावी लागते.

त्या काळीं पुण्यांत मात्र कोणी अशा हिशेबाची वाट पाहत बसलें नव्हतें. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली आणि थोड्याच वर्षांत महार-मांग मुलांसाठींहि शाळा चालविल्या. त्या शाळांत सावित्रीबाई शिकवीत. तेथें शिकलेल्या मुक्ता साळवे नांवाच्या मांग समाजांतील मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. चौदा वर्षांच्या आंतबाहेर वय असलेल्या विद्यार्थिनीनें धर्माला व राज्याला असे उघड प्रश्न विचारावेत, हें त्या शाळेंत काय शिकविलें जात होतें त्याचें पुरेसें प्रमाणपत्र आहे. अमेरिकेंत गुलामांची मुक्तता झाली त्याचें महत्त्व पुण्याच्या या गृहस्थास केवढें वाटलें होतें पाहा: १८७३ सालीं निघालेलें 'गुलामगिरी' हें पुस्तक त्यांनीं तेथील गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केलें. हंटर आयोगापुढे १८८२ सालीं दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. शिक्षक कसा असावा याविषयींहि ते तेथें बोलले. नुसता पगारासाठीं येणारा नको, शिकून तयार झालेला असावा, आणि तो अशा लोकांतून यावा ज्यांना प्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्याची लाज वाटत नाहीं. शाळा कोणासाठीं उघडी आहे याच्या जोडीला तेथें शिकवावयास कोण उभा आहे हा प्रश्न त्यांनीं घातला, आणि अध्यापक विद्यालयांत शिकणाऱ्याला खरा लागू पडणारा प्रश्न तो आहे.

दार उघडल्यानंतर आंत काय घडूं शकतें याचें सर्वांत विदारक उदाहरण साताऱ्याचें आहे. गेल्या शतकाच्या अगदीं आरंभीं तेथील सरकारी शाळेंत भीमराव आंबेडकर नांवाचा मुलगा शिकत होता. त्याचें नांव पटावर होतें, फी भरली जात होती, परीक्षाहि घेतल्या जात होत्या. म्हणजे कागदोपत्रीं कांहींहि उणें नव्हतें. इतर मुलें वर्गांत आपापल्या क्रमांकाप्रमाणें बसत. हा मुलगा मात्र कितवाहि आला तरी कोपऱ्यांत एकटा बसे. बसावयास तरट तो घरून आणी आणि संध्याकाळीं घरीं परत नेई, कारण शाळा झाडणारा नोकर त्या तरटास हात लावीत नसे. तहान लागली तर शिक्षकाची परवानगी पुरेशी नव्हती. नळाची तोटी फिरविण्यास शिपाई हवा असे. शिपाई नसला तर पाणी नाहीं. शिपाई रजेवर गेला म्हणून एक मूल दिवसभर तहानलेलें राहिलें, अशी नोंद कोणत्याहि हजेरीपटांत होत नाहीं. त्या वर्गांतील शिक्षक दुष्टच होते असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांतले कित्येक आपण नियमानें वागतों याच समाधानांत घरीं जात असतील. पुढें हाच विद्यार्थी १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेला व तेथें इतरांच्या बरोबरीनें बसून शिकला. त्याच वेळीं त्याच देशाच्या दक्षिण भागांत काळीं मुलें वेगळ्या शाळांत धाडलीं जात होतीं. उत्तर आयुष्यांत मावळांतील तळेगांव दाभाडे येथें डॉ. आंबेडकरांचा बंगला होता, आणि लोणावळा मार्गावरील देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजीं त्यांनीं बुद्धमूर्तीची स्थापना केली. टोपेकाच्या निकालास तेव्हां सात महिने झाले होते.

तरट आणि नळ यांवर उपाय करूं पाहणारे लोक मधल्या काळांत झाले. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला आणि १९१९ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम सोडला. वॉरनच्या निकालापूर्वीं पस्तीस वर्षें एका मराठी संस्थानांत ही गोष्ट घडली, याचा अभिमान वाटावा हें योग्यच आहे. मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले करावेत असें त्यांत म्हटलें होतें. ठराव मंजूर झाला तरी महाडच्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, यावरून ठराव आणि व्यवहार यांतलें अंतर मोजतां येतें. भाऊराव पाटील यांनीं निराळी वाट धरली. साताऱ्यास १९२४ सालीं त्यांनीं जें वसतिगृह काढलें तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपणच करीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं गांधीजींनीं तेथें येऊन त्यास शाहू महाराजांचें नांव दिलें. मुलांच्या हातीं पोळपाट-लाटणें देणें हें तेव्हांच्या साताऱ्यांत कोणत्याहि ठरावापेक्षां अधिक धाडसाचें काम होतें.

वर्णावरून वेगळ्या शाळा हा प्रकार आपल्या घाटमाथ्यावर अगदींच अपरिचित होता असेंहि नाहीं. युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं थंड हवेच्या ठिकाणीं वेगळ्या शाळा काढण्याचें धोरण एकोणिसाव्या शतकापासून चालत आलें होतें. या मुंबई इलाख्यांत देवळालीची बार्न्स शाळा १९२५ सालीं उघडली ती त्याच परंपरेंतली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें या शाळांचें अनुदान एकदम तोडलें नाहीं, तें दहा वर्षांच्या मुदतीनें कमी करीत आणलें. पण ३३७ व्या कलमांत अट घातली कीं, दर वर्षींच्या प्रवेशांपैकीं निदान शेंकडा ४० जागा इतर समाजांच्या मुलांस मोकळ्या असल्या पाहिजेत. दार उघडण्याची ही पद्धत शांत, पण परिणामकारक होती.

आतां मावळाकडे वळावें. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांत डोंगराच्या कुशीला कातकरी, ठाकर व महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत, आणि त्यांच्याहि वरच्या अंगास धनगरांचे पाडे. यांपैकीं कातकरी ही जमात केंद्र सरकारनें विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या महाराष्ट्रांतील तीन जमातींपैकीं एक आहे. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम व माडिया गोंड. खैराच्या झाडापासून काथ काढणारे ते कातकरी. जंगलाचे निर्बंध आले, तो धंदा बुडाला, आणि कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवरील मजुरी त्यांच्या वांट्यास आली. अशा वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा असते: एक-दोन खोल्या, पहिली ते चौथीचे वर्ग एका सतरंजीवर, आणि बहुधा एक किंवा दोन शिक्षक. पावसाळ्यांत ओढा भरला म्हणजे शिक्षकास पलीकडेच थांबावें लागतें. खालीं मोठ्या रस्त्यावर सकाळच्या वेळीं पिवळ्या रंगाच्या बस उभ्या राहतात आणि ज्यांस फी परवडते त्यांचीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे जातात. कोणत्याहि कायद्यानें या दोन प्रकारच्या मुलांना वेगळें केलेलें नाहीं. उलट १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे, २००२ च्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे, आणि त्याचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. तरीहि वाडीवरच्या शाळेच्या पटावर एकाच जमातीचीं नांवें दिसतात. शाळा सर्वांना खुली आहे. फक्त बाकीचे कोणी येत नाहींत.

अमेरिकेंतहि निकालानंतर याच पायवाटेनें वेगळेपण परत आलें. व्हर्जिनिया राज्यांतील प्रिन्स एडवर्ड परगण्यानें तर काळ्या मुलांस शेजारीं बसविण्यापेक्षां १९५९ पासून १९६४ पर्यंत आपल्या सर्व सार्वजनिक शाळा बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठीं खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकीं पुष्कळांचीं तीं वर्षें फुकट गेलीं. अन्यत्र गोऱ्या वस्तीनें शहर सोडून उपनगर गांठलें. डेट्रॉइटच्या १९७४ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, उपनगरांच्या शाळा-मंडळांनीं स्वतः भेदभाव केल्याचें सिद्ध झाल्याखेरीज त्यांना शहरांतील मुलांबरोबर मिसळण्याची सक्ती करतां येणार नाहीं. तेथें शाळांचा खर्च बऱ्याच अंशीं स्थानिक घरपट्टीसारख्या करांतून भागतो. १९७३ च्या दुसऱ्या एका निकालानें त्या व्यवस्थेसहि धक्का लागूं दिला नाहीं. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, असा प्रकार मग आपोआपच चालूं राहिला. आपल्याकडे जें काम फी करते तें तेथें घराचा पत्ता करतो.

या भिंतीस खिंडार पाडण्याचा एक प्रयत्न आपल्या २००९ च्या कायद्यांत आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनीं पहिलींतील निदान शेंकडा २५ जागा परिसरांतील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांस द्याव्यात असें तो सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ही तरतूद वैध ठरविली. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस या बंधनांतून सूट दिली होती. ती सूट मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जुलैमध्यें रद्द केली. ही सूट टिकती तर पंचवीस टक्क्यांची खिडकी बहुतेक ठिकाणीं बंदच झाली असती, कारण एक किलोमीटरवर प्राथमिक शाळा असावी असा तर राज्याचाच नियम आहे. गरिबाच्या दाराशीं शाळा आहे म्हणून त्यास दुसऱ्या शाळेचें दार नको, हा युक्तिवाद ऐकावयास साधा वाटला तरी प्लेसीच्या निकालाची आठवण त्यानें होतेच.

उलट बाजूनें येणारी अडचणहि तितकीच खरी आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षण खात्यानें वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले, आणि पुणें जिल्ह्यांतील पानशेतचें उदाहरण पुढें ठेवलें. मोठी शाळा, निरनिराळ्या वाड्यांचीं मुलें एकत्र, प्रत्येक वर्गास शिक्षक, खेळावयास मैदान: हें सगळें हवेंसें वाटतें, आणि वेगळेपण मोडण्याचा तो एक मार्गहि होऊं शकेल. परंतु मावळांतल्या आषाढ-श्रावणांत पहिलींतल्या मुलानें डोंगर उतरून यावयाचें कसें, आणि गाडी एक दिवस आली नाहीं तर त्याची शाळा सुटली कीं राहिली, हें कोण पाहणार? अमेरिकेंत १९५४ नंतर एकत्रीकरण झालें तें बहुतेक ठिकाणीं काळ्या मुलांच्या शाळा बंद करून झालें. बसचा लांबचा प्रवास त्या मुलांनीं केला. त्या शाळांतील हजारों कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीस मुकले, आणि आपल्या घरचें, आपल्या बोलींतलें माणूस वर्गांत उभें असण्याचा मुलांचा लाभहि त्यांच्याबरोबर गेला. एकत्र येण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडला जातो, हें पाहिल्याशिवाय कोणत्याहि एकत्रीकरणाचें कौतुक करणें घाईचें होईल.

कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनीं १९३५ सालींच एका लेखांत या पेंचाचा विचार केला होता. मुलास वेगळी शाळा हवी कीं मिश्र शाळा हवी हा वाद त्यांनीं बाजूस सारला आणि मुलास शिक्षण हवें असें म्हटलें. जेथें शिक्षक त्याचा तिरस्कार करतो ती मिश्र शाळा त्यास मारक, आणि जेथें केवळ वेगळेपणामुळें साधनें तुटपुंजीं राहतात ती वेगळी शाळाहि मारक. याच द्यू बॉइस यांस डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं पत्र लिहिलें होतें, व त्यांचें उत्तरहि आलें होतें. दोन देशांतील दोन दुःखांची एकमेकांस ओळख त्यांनीं करून दिली.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कामाकडे त्या लेखाच्या उजेडांत पाहिलें म्हणजे त्याची थोरवी कळते. बोर्डी येथें १९४५ पासून व पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं वारली मुलांसाठीं शाळा चालविल्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनें मुलांकडे जावें, असें ठरवून त्यांनीं अंगणांत बालवाडी भरविली. आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच वर्ग भरविला. कुरणशाळा हें तिचें नांव. गुरांवर नजर ठेवून मूल तेथें अक्षरें गिरवीत असे. हीहि एका अर्थानें वेगळीच शाळा. पण तरटाच्या वेगळेपणाशीं तिची तुलना होऊं शकत नाहीं, कारण ती मुलाला दूर लोटण्याकरितां नव्हे तर त्याच्यापर्यंत पोंचण्याकरितां निघाली होती.

लोकलगाडींतली ती भावी शिक्षिका उद्यां मावळांतील एखाद्या वर्गांत जाईल तेव्हां धारवाडचा अर्ज तिच्यापुढें कोणी टाकणार नाहीं. तिच्यापुढें येतील त्या अगदीं बारीक गोष्टी. पहिल्या दिवशीं मुलें आपापल्या वाडीच्या टोळक्यानें बसतात. तीं तशींच वर्षभर बसूं द्यावयाचीं कीं आठवड्यानें जागा बदलावयाच्या? शिष्यवृत्तीचे व गणवेशाचे अर्ज आले म्हणजे भर वर्गांत जातीचें नांव घेऊन मुलें उभीं करावयाचीं, कीं कागद निमूटपणें घरीं पोंचवावयाचे? खिचडी शिजविणारी बाई कोणत्या समाजाची आहे यावरून कोणी डबा घरून आणूं लागला तर शिक्षिका स्वतः कोठें बसून जेवते? सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं या स्वयंपाकासाठीं दलित व आदिवासी स्त्रियांस प्राधान्य द्यावें असें सांगितलें, त्यामागें हीच पंगत होती. कातकरी बोली पुस्तकी मराठीहून बरीच वेगळी आहे; त्या बोलींत दिलेलें बरोबर उत्तर चूक म्हणून खोडलें गेलें तर मूल दुसऱ्या दिवशीं गप्प बसतें आणि तिसऱ्या दिवशीं येत नाहीं. मग त्याच्या नांवापुढें 'अनियमित' असा शेरा पडतो. हा शेरा लिहिणारास आपण कांहीं अन्याय करीत आहों असें मुळींच वाटत नसतें.

दिवाळी झाली म्हणजे भट्टीचा मुकादम वाडीवर येतो. आगाऊ उचल घेतलेलीं कुटुंबें भांडींकुंडीं बांधून विटांच्या भट्ट्यांकडे निघतात तीं पावसाच्या तोंडाशींच परततात, आणि त्यांच्याबरोबर वर्गांतलीं पांच-सात मुलें जातात. अशा मुलांसाठीं राज्यांत शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मुलाची इयत्ता व त्याची शिकण्याची पातळी त्यावर लिहून तें कार्ड पालकांजवळ द्यावयाचें, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेनें त्यास दाखल्याची अट न घालतां वर्गांत बसवावें. मुकादमाची गाडी पहांटेस येते. कार्ड भरावयाचें तें आदल्या संध्याकाळीं, वाडीवर जाऊन. आणि कोण कोण जाणार आहे हें ठाऊक असेल तरच.